पावलं ओळखणारी

तळवलीत लग्न ठरलं की निरोप आधी मालतीबाईंना जायचा, मग भटजींना. मालतीबाई गावच्या धवलारीण. लग्नाचे धवले त्यांनी म्हणायचे, तेव्हा कुठे मांडवाला मांडवपण यायचं. शेतं गेली, मिठागरं गेली, कौलारू घरांच्या जागी मजल्यांवर मजले चढले, हळदीला डीजे आला. तरी मालतीबाई पाटावर बसून खाकरल्या की डीजेवाला आपणहून बटण बंद करायचा.

पण हे सगळं गाणं एका म्हातारीच्या छातीत. सून उन्नती म्हणायची, "आई, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवूया ना."

"पोरीला धाडताना नवरीची आवस रडायला लागली का मी कडवं लांबवतंय. ते तुजा मोबाईल करल का?"

त्यांना कान हवा होता. ऐकून धरणारा, धरून जपणारा. गावातल्या पोरी कौतुकाने फोटो काढायच्या आणि दुसऱ्या कडव्याला उठून जायच्या.

तो कान त्यांच्याच घराच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहायला आला.

जाई तिचं नाव, तिसरीतली. आई सुचित्रा महापेला कंपनीत, बाप अभिराम ऐरोलीला. माणसं कऱ्हाडकडची. अभिराम बोलायला मऊ, जिन्यात भेटला की वाकून नमस्कार करणारा. मालतीबाईंचा मुलगा तेजस म्हणायचा, "असा भाडेकरू दिवा घेऊन शोधला तरी नाय भेटनार." शाळा सुटली की आई येईपर्यंत जाई खाली मालतीबाईंच्या ओट्यावर बसायची. बसायची म्हणजे नुसती बसायची. पाय जुळवलेले, दप्तर मांडीवर.

एकदा मालतीबाई तांदूळ निवडत स्वतःशीच गुणगुणत होत्या,

*उगवत्या देवा रं, जरा दम धर,*
*पोरीचे अंगाची हलद सुकू दे...*

आणि शेजारून तेच शब्द परत आले. तोच सूर, तोच हेलकावा. 'सुकू दे'च्या आधी मालतीबाईंचा श्वास जिथे मोडायचा, तिथे त्या पोरीचाही मोडला. मालतीबाईंचा हात सुपातच राहिला.

"कुठं शिकलीस गो?"

"आत्ताच. तुम्ही म्हणालात ना."

मग रोज दुपारी ओट्यावर शिकवणी सुरू झाली. एकदा सांगितलं की पोरीला पाठ. आणि तिचं आणखी एक नवल होतं. गाता गाता ती मध्येच म्हणायची, "तेजसकाका आले. आज चिडलेत." मालतीबाईंना काही ऐकू यायचं नाही. थोड्या वेळाने तेजस फाटकातून यायचा, कुणाला तरी शिव्या घालत.

"तुला गो कसं कळतं?"

"चपलेवरून. चिडले की टाच आधी टाकतात."

गावात बातमी पसरायला काय लागतं? एका हळदीला बायकांनी जाईचे डोळे पदराने बांधले आणि एकेकीने तिच्यासमोरून चालून दाखवलं. जाईने एकूणएक नाव बरोबर सांगितलं. वर एकीला म्हणाली, "काकू, तुमचा डावा गुडघा दुखतोय ना?" बायका पदर तोंडाला लावून बघतच राहिल्या. सगळ्यांत पाठीमागे अभिराम हसत उभा होता, हातात सरबताचा ग्लास घेऊन.

मालतीबाईंनी दुसऱ्या दिवशी गावदेवीची ओटी भरली. म्हणाल्या, आई, मागितलं नवतं तेवरं दिलंस.

मग ती दुपार आली. जाई धवला म्हणत होती. मध्येच सूर तुटला. मालतीबाईंनी वर पाहिलं तर पोर रडत होती. रडत होती, पण हुंदका नाही, आवाज नाही. पाणी नुसतं वाहत होतं आणि ती ते फ्रॉकच्या कडेने टिपत होती. कामाला बसण्याआधी बाई हात धुऊन घेते, तसं.

"काय झालं, बाय?"

"बाबा आलेत. कोपऱ्यावर." तिने नाक पुसलं. "किल्ल्या वाजत नाहीयेत."

"म्हंजे?"

"बोटात फिरवत आले तर बरे असतात. मुठीत धरल्या की नाही. म्हणून मी आधीच रडून घेते. वर गेल्यावर रडलं की जास्त वेळ ठेवतात."

"कुठं ठेवतात?"

जाईने दप्तर पाठीला लावलं. डोळे कोरडे झाले होते. फाटक वाजलं आणि अभिराम आत आला, नेहमीसारखा हसत. "मावशी, त्रास देत नाही ना? चल गं जाई." त्याच्या उजव्या मुठीची बोटं पांढरी पडली होती. इतक्या महिन्यांत मालतीबाईंनी त्या हाताकडे कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याचा नमस्कारच दिसायचा.

जाई उठली. मालतीबाईंनी तिचा हात धरला.

"आज नाय नेता येनार."

"अहो, शाळेतून फोन आलाय. अभ्यासाचं जरा बघायचंय."

"धवला अर्धा हाय. अर्धा सोडला त नवरीला बाधतो. तिची आवस आली का मीच पाठवतंय."

असा काही नेम धवल्यात नव्हता. मालतीबाईंनी तो उभ्या उभ्या रचला. बाजूच्या दुकानातली दोन माणसं बघत होती. चारचौघांत चढ्या आवाजात बोलणाऱ्यांतला अभिराम नव्हता. तो हसला, म्हणाला, "तुमची रीत मोडायची नाही आपल्याला," आणि जिना चढून गेला. त्याचा एकेक पाय मालतीबाई ऐकत राहिल्या. जन्मात पहिल्यांदा.

आत चुलीपाशी त्यांनी जाईला दूध-चपाती दिली. विचारलं काहीच नाही. अर्धी चपाती झाल्यावर ती आपणच बोलली, ताटाकडे बघून. बाथरूममध्ये ठेवतात. बाहेरून कडी. दिवा बंद. "आधी खूप भीती वाटायची. मग मी ऐकायला लागले. बाहेर कोण कुठे चाललंय ते. आई दाराशी येते आणि परत जाते. बाबा कडी काढायला येतात की नुसतेच पाणी प्यायला, तेपण कळतं. असं ऐकत बसलं की अंधार कमी वाटतो."

ज्यासाठी मालतीबाईंनी ओटी भरली, ते देवीने दिलंच नव्हतं. ते एवढ्याशा जिवाने काळोखात बसून, एकटीने, स्वतः घडवलं होतं. वाट नव्हती तिथे कानाची वाट केली होती. आणि त्या वाटेवर टाळ्या वाजवायला सगळं गाव जमलं होतं, त्या स्वतः सगळ्यांत पुढे.

"आजी, बाबांना सांगू नका."

"बापाला नाय सांगनार. पन ज्यांना सांगायला पायजे त्यांना मी सांगनार हाय. हे गुपित ठेवायचं नसतं, बाय. तुजी काय बी चूक नाय."

जाईने उरलेली चपाती खाल्ली.

तेजस ऐकून वैतागला. "आई, बापच हाय तो. शिस्त लावत असल. आमाला तू कमी धुतलंस काय?"

"धुतलं. ते बी चुकलं. पन मी येताना तुजा श्वास अडकायचा का रं?"

तेजस पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "पोर जाईल इथून. तुजं गानं पन जाईल तिच्यासंगं. कोनाला शिकवशील मग?"

हे मालतीबाईंना तेजसच्या आधीच सुचलं होतं. आतमध्ये, दुधाचं भांडं उतरवताना. त्या उन्नतीला म्हणाल्या, "पोरांसाठी तो फोन असतो ना, तो लाव."

उन्नतीने एक शून्य नऊ आठ लावून मोबाईल त्यांच्या हातात दिला. लग्नामागून लग्नं गाजवलेल्या त्या गळ्यातून पहिलं वाक्य निघायला फार वेळ लागला. पलीकडची मुलगी थांबून राहिली. तिने घाई केली नाही.

संध्याकाळीच हेल्पलाइनची एक बाई आणि एक तरुण आले. जाईशी वेगळं बोलले, सुचित्राशी वेगळं. सुचित्रा आधी म्हणाली, असं काही नाही. मग खुर्चीच्या कडेला बसून म्हणाली, "मी दाराशी जायचे. कडी काढायची हिंमत व्हायची नाही." पुढे बालकल्याण समितीसमोर जाणं-येणं झालं, पोलिसांत जबाब झाले. जाई आईसोबत सानपाड्याला मावशीकडे राहायला गेली. तळवलीत काही बायका म्हणाल्या, लोकांचं घर मोडलं म्हातारीनं. मालतीबाईंनी ऐकून घेतलं.

पावसाळा सरल्यावर त्या सानपाड्याला गेल्या. मोठ्या धवल्याचं शेवटचं कडवं राहिलं होतं. अलीकडे धाप लागायची, म्हणून ते आजच द्यायचं असं ठरवूनच निघाल्या होत्या. वाटेत रिक्षात दोनदा म्हणूनही पाहिलं.

दार सुचित्राने उघडलं. चेहरा भरला होता तिचा. आत मावशीची पोरं कॅरमवर भांडत होती, कुकर शिट्ट्या मारत होता, खालच्या रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

आणि या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध, जमिनीवर टाकलेल्या चटईवर जाई झोपली होती. भर दुपारी. आडवीतिडवी, एक पाय भिंतीवर, तोंड उघडं, गालावरून लाळेची रेघ. कॅरमची सोंगटी उडून तिच्या पोटावर पडली. तिने नुसती कूस बदलली.

"शाळेतून आली की अशीच पडते," सुचित्रा म्हणाली. "उठवू का? तुम्ही एवढ्या लांबून..."

मालतीबाई दारातच उभ्या होत्या. पोराटोरांच्या झोपा त्यांनी काय कमी पाहिल्या होत्या? पण देवळात मूर्तीपुढचा पडदा सरकल्यावर बघावं तशा त्या बघत राहिल्या.

"नको," त्या म्हणाल्या. चपला त्यांनी हातात घेतल्या, चटईच्या कडेला बसल्या, आणि पदराने तिच्या तोंडावरची माशी वारत राहिल्या.