दुसरं कार्ड

चित्रात घोडा असला की माणूस म्हणतो, घोडा आहे, आणि पुढं जातो. पण नुसता रंग फासलेला असला की अडकतो. मान वाकडी करतो, दोन पावलं मागं सरकतो, बाजूची पाटी वाचतो, पाटीवरही काही नसतं. मग थोड्या वेळानं त्याचा चेहरा सुटतो. घरी आरशातसुद्धा दिसत नसेल असा चेहरा. मी तो चेहरा टिपायचो. सहा वर्षं हेच केलं.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर तसल्या चित्रांच्या तीन खोल्या आहेत. मी रबरी तळाचे बूट घालून जायचो. कॅमेऱ्याचा आवाज बंद. बाकावर बसून मीही चित्र बघतोय असं दाखवायचं. फोटो काढून झाला की माणसाजवळ जायचं, फोटो दाखवायचा आणि विचारायचं, ठेवू का? नाही म्हणाला तर त्याच्यासमोर पुसायचा. या नियमाबद्दल मी चारचौघांत फार बोलायचो. छाती फुगवून बोलायचो.

ती बाई राखाडी चित्रापुढं उभी होती. पुरुषभर उंचीचं चित्र, वरपासून खालपर्यंत राखाडी, खाली एक पिवळी रेघ. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात डबा. पाऊण तास हलली नाही. मध्येच तिनं डबा छातीशी धरला, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते मला परत कधी मिळणार नव्हतं. मी सात फोटो काढले.

दाखवल्यावर तिचा रंगच उडाला.

"दादा, पुसा. आत्ता पुसा."

"ताई, चांगला आलाय हो."

"चांगला येऊन काय करू? घरी वाटतंय मी ऑफिसात आहे. नोकरी गेलीय माझी. तीन आठवडे झाले. रोज डबा घेऊन निघते आणि इथं येऊन उभी राहते. बागेत बसले तर कुणीतरी ओळखीचं भेटतं. या चित्रांकडे आमच्यातलं कुणी फिरकत नाही."

मी तिच्यासमोर सातही पुसले. तिनं पडद्यावर वाकून खात्री केली. "उपकार झाले दादा," म्हणाली.

माझ्या कॅमेऱ्यात कार्डं दोन असतात. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. दाखवताना पुसला तर पहिल्यावरचा जातो, दुसऱ्यावरचा राहतो. या धंद्यातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. मलाही होतं. पुसताना माझं बोट जराही अडखळलं नाही ते त्यामुळंच.

चार महिन्यांनी संग्रहालयानं माझं प्रदर्शन लावायचं ठरवलं. संचालक मॅडमनी मी दिलेले फोटो टेबलावर पसरले. दुसऱ्या कार्डावरचा तिचाही मी त्यात घातला होता. त्यांनी तिच्याच फोटोवर बोट ठेवलं. "हाच पोस्टरवर." मी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "मलाही तोच वाटतो."

पोस्टर बस थांब्यांवर लागलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती मला शोधत आली. चप्पल झिजलेली, अंग घामानं डबडबलेलं.

"तुम्ही पुसला होता ना? माझ्यासमोर?"

"मशीनची चूक झाली ताई," मी म्हणालो. "आतून परत आला. मलाही माहीत नव्हतं."

इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग मान हलवली.

"बरं. झालं ते झालं. आमच्या ह्यांनी पोस्टर बघितलंय. खूश आहेत, सगळ्या आळीला सांगत सुटलेत. पण डोकं चालतं त्यांचं. म्हणाले, कामाच्या वेळेत तू तिथं कशी? मी म्हणाले, ऑफिसनंच पाठवलं होतं, फोटोवाल्यांना उभं राहायला माणूस हवं होतं. उद्या ते येतील, तुम्हाला विचारतील. तुम्ही नुसतं हो म्हणा. दुसरी नोकरी बघतेय मी, पुढच्या आठवड्यात बोलावणं येईल. तेवढंच निभावून न्या."

"नक्की," मी म्हणालो. मला तर बरंच वाटलं. ती पैसे मागत नव्हती, तक्रार करत नव्हती, एक शब्द मागत होती. आणि त्या शब्दानं माझीही घाण झाकली जाणार होती.

दुसऱ्या दिवशी गर्दी होती. मॅडम माझ्या दंडाला धरून पाहुण्यांना सांगत होत्या, "यांनी फोटोसाठी एकालाही उभं केलेलं नाही, एकालाही आधी सांगितलेलं नाही. हे फोटो खरे आहेत, म्हणून इथं आहेत." तेवढ्यात ती आली. सोबत नवरा, इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून चापून बसवलेले. फोटोपुढं गेला, हसला, आणि सरळ माझ्याकडे आला.

"साहेब, नमस्कार! ही माझी मिसेस. लग्नात फोटोग्राफरला दोन तास छळलंन, एक फोटो धड आला नाही. तुम्ही कसं काय जमवलंत? हिला तुम्हीच उभं केलं होतंत ना? ऑफिसनं पाठवलं होतं म्हणे."

मॅडमचा हात माझ्या दंडावरच होता. तो हात घट्ट झाला.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती आणि तिचे ओठ 'हो' म्हटल्यासारखे हलत होते, लहान मुलाला आठवण करून द्यावी तसे.

"मी कुणाला उभं करत नाही," मी म्हणालो.

मॅडमचा हात सैल झाला.

नवऱ्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं तिच्याकडे वळून पाहिलं. "अगं, मग?"

"नोकरी गेलीय," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पाच महिने होऊन गेले. इथंच यायचे."

तो फोटोकडे बघत राहिला. आता हसत नव्हता. मला वाटलं, ओरडेल. तो म्हणाला, "दिवसभर उभी असायचीस? आणि डबा कुठं खायचीस?"

"जिन्यात."

"येडी कुठली," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. तिची बॅग त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली. जाताना माझ्यापाशी थांबला, हात जोडले. "साहेब, तुम्ही खरं बोललात म्हणून कळलं. नाहीतर बसली असती पोरगी कुढत."

जिन्यावर मी तिला गाठलं. तो दोन पायऱ्या पुढं होता.

"ताई, मशीनची चूक नव्हती."

"मला काय खुळी समजलात?" ती म्हणाली. "कालच कळलं होतं. तुम्हाला मशीनवर ढकलू दिलं, कारण मला तुमच्याकडून एक शब्द हवा होता."

"मी फोटो खाली उतरवतो. आत्ता जाऊन उतरवतो."

"कुणासाठी?" ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. तुम्हाला हलकं वाटायला हवं असेल तर उतरवा."

ती उतरून गेली. वरून मॅडमनी हाक मारली, पाहुण्यांपुढं मला दोन शब्द बोलायचे होते. मी वर गेलो. बोललो. माणूस खरा कधी दिसतो यावर बोललो, चांगलं दहा मिनिटं, आणि फोटोतली ती माझ्या पाठीमागं भिंतीवर तशीच होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मान लववून त्या घेतल्या.