रुमाल टाकून धरलेली जागा

विसूभाऊ ओतारींच्या डाव्या डोळ्यात एक माणूस खुर्ची टाकून बसला, तो सोमवारी सकाळी, दुसऱ्या चहाच्या वेळी. पाठमोरा. खांद्यावर निळ्या चौकटींचा रुमाल. विसूभाऊंनी भिंतीकडे बघावं तर हा भिंतीपुढे, कपाकडे बघावं तर कपावर. डोळा चोळला, तर त्यानं खुर्ची जरा पुढे ओढून घेतली.

"अहो, डोळ्यात तीळ आलाय तुमच्या," कुमुदवहिनी म्हणाल्या. "शुभ असतो म्हणे."

कसला शुभ न् काय! मिरजेत अठ्ठावीस वर्षं ते खोटे डोळे रंगवत आले होते. ज्याचा डोळा काढावा लागला त्याला समोर बसवायचं आणि उरलेल्या डोळ्यासारखा हुबेहूब दुसरा रंगवायचा. नव्या डोळ्याला दृष्ट लागू नये म्हणून मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा, एक काळा ठिपका द्यायचा. तीट. ती त्यांनी एकदाही चुकवली नव्हती.

गुरुवारपर्यंत त्या पाठीनं अर्धी खोली झाकली.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड टाकला आणि आतल्या माणसाला मान लववून नमस्कार केला. "डोळ्यातला मेलॅनोमा," त्या म्हणाल्या. "काळी गाठ. लाखो लोकांत एखाद्याकडे येतात हे."

"मग माझ्याकडेच का?"

"त्यांनाच विचारा."

माणूस वळला नाही. "अठ्ठावीस वर्षं तुम्ही ठिपका देऊन माझ्यासाठी जागा धरलीत," तो म्हणाला. "बसायला गेलो की डोळा खोटा निघायचा. हा खरा आहे."

विसूभाऊंनी तो डोळा तळव्यानं झाकून घेतला.

"डोळ्याला किरणांची चकती शिवू, चार-पाच दिवस ठेवू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक वेळा हे वाळून जातात, डोळा वाचतो. नाहीतर डोळाच काढू. जगण्यामरण्याला फारसा फरक पडत नाही. यकृतात उतरायचं की नाही, ते हे आधीच ठरवून बसलेले असतात."

"किती जणांच्यात उतरतात?"

"जवळपास निम्म्यांच्या. कुणाच्यात दोन वर्षांनी, कुणाच्यात पंधरा."

"काढा!" विसूभाऊ ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढा त्याला!"

शस्त्रक्रियेच्या आधी त्यांनी आरशात बघून स्वतःसाठी खोटा डोळा रंगवला. ठिपका दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

काढलेला डोळा त्यांनी हट्टानं बघायला मागितला. बरणीत डोळा, डोळ्यात खुर्ची, खुर्चीवर तोच, पाठमोरा. विसूभाऊंना इतकं हायसं वाटलं, की ते वहिनींचा हात धरून रडले. फक्त त्याच्या खांद्यावर रुमाल नव्हता. पडला असेल कुठेतरी, म्हणाले, आपल्याला काय करायचंय!

सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी होती. पोटावर गार जेली. एका डोळ्यानं ते पडद्याकडे बघत होते, आणि भीतीनं त्यांच्या पायांची बोटं वळली होती.

"कोणी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"देव पावला गं बाई!" वहिनींनी हात जोडले.

"बाई," विसूभाऊ म्हणाले, "ती खुर्ची?"

"रिकामीच आहे की."

होती खरी रिकामी. यकृताच्या उजव्या कोपऱ्यात, भिंतीला लावून ठेवलेली. आणि एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा, बसायच्या जागी बरोबर मधोमध, निळ्या चौकटींचा रुमाल.