कर्णा जोडण्याआधी

पुंडलिकनं लाउडस्पीकरच्या मशीनमधल्या वाल्वच्या काचेवर फुंकर मारली, सुती फडक्याने ती हलकेच पुसली आणि वाल्व पुन्हा खोबणीत बसवला. काचेला घामाचं बोट लागू द्यायचं नाही, हा त्याचा नेम. मग बटण दाबलं. विहारासमोरच्या मांडवातली बायामाणसं वाकून पाहू लागली. काचांच्या पोटात हळूहळू शेंदरी उजेड फुलला.

"आता तापू द्यायचं," तो म्हणाला. "घाई केली की रुसतं."

विहाराच्या वर्धापनदिनाला यंदाही डीजे नको, पुंडलिकबाबांचं जुनं मशीनच लावू, असं वस्तीनं ठरवलं होतं. लासूर स्टेशनच्या बाजारात वाजायचं तेव्हापासून त्या मशीनची माणसं दोनच. खाली मशीनजवळ पुंडलिक, वर गच्चीवर कर्णा बांधायला सांडू. सांडूनं वरून "जोडलं!" म्हणून हाळी द्यायची, पुंडलिकनं खालून "सोडतो!" म्हणायचं, आणि मगच आवाजाचं बटण फिरवायचं. कर्ण्याशिवाय आवाज सोडला, तर बाहेर जायला वाट न मिळून तो मशीनच जाळतो. हे पुंडलिकनंच आख्ख्या वस्तीला शिकवलं होतं.

सांडूची सून सोनिया शिडी धरून उभी होती.

"मामा, एक चूक झाली ना, की शिडी माळ्यावर. पुन्हा गच्चीवर पाय ठेवायचा नाही."

"अन् खाली बसून काय करू? माश्या मारू?" सांडू म्हणाला आणि सत्तरी उलटलेले गुडघे सांभाळत वर गेला. वर्षातून एकदा त्याला असं वर चढायला मिळे. त्या दिवशी तो सकाळीच दाढी करून बसे.

पहिल्या रांगेत बसलेल्या कडूबाईनं पुंडलिकला डिवचलं.

"पुंडलिका, ह्याच मशीननं रेल्वे थांबली व्हती म्हणं?"

"थांबली? अक्का, माघारी आली! डायवर म्हणला, गाणं अर्धंच ऐकलं, मन लागंना. पाशिंजरबी खाली उतरले, तिकिटं फाडून बसले."

"अन् पिशोरला?"

"पिशोरला लई वाईट झालं. कर्णा शेताकडं तोंड करून बांधला, तर ज्वारीचे दाणे जागीच गळाले. मालक म्हणला, बाबा, पुढल्या साली सुगीलाच ये, मजूर परवडंना."

मांडव हसला. हसू मागपर्यंत पोचलं नाही.

"आयकू येत नाय बाबा!" मागून कुणीतरी ओरडलं.

पुंडलिकनं माइक उचलला, आवाजाचं बटण फिरवलं आणि पुढची गोष्ट सुरू केली. कर्णा बोलेना. त्यानं आणखी फिरवलं, आणखी जोरात बोलला. तेवढ्यात मशीनच्या पोटातून त्याचेच शब्द चिलटासारखे बारीक ऐकू आले. कर्ण्याची वाट न मिळालेला आवाज आतच कोंडलाय, हे त्याला लगेच कळलं. हात बटणाकडे गेला. तोवर आत तडतडलं, जळक्या वार्निशाचा वास सुटला, आणि झाकणाच्या जाळीतून धूर आला.

गच्चीच्या कठड्यावरून सांडू वाकला. त्याच्या दोन्ही हातांत तारेची उघडी टोकं होती.

"काय झालं बाबा?" सोनियानं विचारलं.

पुंडलिकचं तोंड त्याच्या आधीच बोलून गेलं.

"सांडूनं हाळी दिली. जोडलं म्हणला. मी सोडला."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. सांडूनं पुंडलिककडे पाहिलं, मग हातातल्या तारांकडे.

"दिली," तो म्हणाला. "घाईत दिली."

सोनिया ओरडली नाही. सासरा खाली उतरेपर्यंत तिनं शिडी धरली, मग ती आडवी करून भिंतीला लावली.

"मामा, ठरलं होतं आपलं."

"व्हय," सांडू म्हणाला.

"काय म्हाताऱ्या," कडूबाई हळहळली, "सोन्यासारखं मशीन खाल्लंस की."

सांडूनं डोक्याचा रुमाल सोडला आणि मान पुसली. पुंडलिकच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो उठून उभा राहिला.

"सोनिया, त्यानं हाळी दिलीच नव्हती. मीच गप्पांच्या नादात आधी सोडला. चूक माझी हाय."

मग कडूबाई गालात हसली.

"बघा! दोस्तासाठी लगेच नवी रचली."

"नाय अक्का, खरं सांगतो. विहाराच्या दारात उभं राहून सांगतो."

"रेल्वेचंबी हितंच उभं राहून सांगितलं व्हतं तू."

लोक हसले, प्रेमानंच हसले. सोनियाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू द्या बाबा. एवढं मशीन जळालं, तरी मामांना सांभाळून घेताय. मोठं मन लागतं त्याला."

कुणीतरी टाळी वाजवली आणि आख्खा मांडव वाजवू लागला. पाहुण्यांसाठी आणलेली शाल कुणीतरी पुंडलिकच्या खांद्यावर घातली. त्यानं ती काढायला हात नेला, तर दोघांनी तो हात प्रेमानं खाली दाबला.

"सांडू, सांग की रं ह्यांना," तो म्हणाला.

सांडू आडव्या शिडीच्या टोकावर बसून तार गुंडाळत होता. कोपरापासून अंगठ्यापर्यंत, वळसा वळशाला लागेल अशी. शेवटचा वेढा झाला, तशी त्यानं गाठ मारली, उठला आणि वेटोळं पुंडलिकच्या हातात दिलं.

"हे आता तुझ्याकडंच ठेव," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

पुंडलिकनं वेटोळं दोन्ही हातांनी धरलं. टाळ्या चालूच होत्या. तार गच्चीवरच्या उन्हानं अजून गरम होती.