माशांवरचा रोग, दगडाबाईवरचा आळ

आटपाडीत डॉ. वीरधवल यांच्या दातांच्या दवाखान्यात दगडाबाई तीन वर्षं झाडलोट करत होती. पेशंट बसायच्या खोलीत काचेची टाकी होती, तिच्यात अकरा मोली मासे. डॉक्टरांनी सांगलीहून आणखी चार आणले आणि पिशवी फोडून सरळ आत सोडले. आठवड्याभरात सगळ्या माशांवर रवा चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठले. ते तळाच्या खड्यांवर अंग घासू लागले. तीन मेले.

‘‘मावशी, फिनेलचे हात घातलेत ना टाकीत?’’ डॉक्टरांनी भरल्या दवाखान्यात विचारलं.

तिनं टाकीला कधी बोट लावलं नव्हतं. पण तिनं तोंड उघडण्याआधीच डॉक्टर आत गेले. जाताना रिसेप्शनवरच्या पल्लवीला म्हणाले, उरलेले गटारात ओता, नवे आणू. बाकावरची माणसं वळून दगडाबाईकडं बघत होती. त्यांत तिच्या शेजारची धोंडुबाईही होती. दगडाबाईचे कान तापले.

बाजारातून आणलेलं मेंढरू पंधरा दिवस कळपापासून लांब बांधायचं, हे तिच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. एवढं शिकलेल्या माणसाला ते ठाऊक नव्हतं, आणि आळ मात्र तिच्यावर.

तिनं पल्लवीला मोबाइलवर शोधायला लावलं. पल्लवीनं वाचून सांगितलं, हे अंगात शिरलेले जंतू आहेत, नव्या माशांबरोबर येतात. माशाच्या अंगात असेपर्यंत त्या जंतूंना मिठानं काही होत नाही. गळून पडले, त्यांची पिल्लं पाण्यात पोहू लागली, की मिठानं मरतात. पाणी जरा कोमट असलं तर लवकर गळतात.

दवाखान्यात दिवसभर एसी. दगडाबाईनं बारा मासे टबात घालून, हवेच्या पंपासकट घरी नेले. घराच्या पुढच्या, पत्र्याच्या सोप्यात उन्हाळ्यानं पाणी आपसूकच कोमट राही. पल्लवीनं मोजून दिलेलं खडेमीठ ती विरघळवून घाली, दिवसाआड तळाचं अर्धं पाणी काढून तसंच मिठाचं नवं भरी. आणखी दोन मेले. सहाव्या दिवशी ठिपके गेले, तरी पल्लवीच्या सांगण्यावरून तिनं पुढं दहा दिवस मीठ चालू ठेवलं.

मासे वाचल्याचं कळल्यावर डॉक्टरांनी ते परत आणायला सांगितलं. बाक भरेपर्यंत ती थांबली.

‘‘डॉक्टर, रोग तुमच्या पिशवीतनं आला हुता. मला लोकांम्होरं बोललासा, आता लोकांम्होरंच सांगा.’’

डॉक्टर हसले. गैरसमज झाला होता, म्हणाले.

‘‘गैरसमज न्हवं. आळ हुता.’’

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ‘‘चूक माझी होती. मावशींची नव्हती.’’

‘‘मागच्या बाकावर ऐकू गेलं न्हाई.’’

त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं दहाही मासे आणून दिले आणि बजावलं, नवा मासा आला तर पंधरा दिवस वेगळ्या भांड्यात.

संध्याकाळी वाटेत धोंडुबाई म्हणाली, ‘‘कबूल केलं न्हवं त्येनं? सोड आता.’’

त्या दिवशी बाकावरून वळून बघणाऱ्यांत हीही होती. दगडाबाई तिला मागं सोडून दोन पावलं पुढं चालत राहिली.