समोरच्या कंपनीचा पैलवान

जोह्यातल्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात सत्त्याण्णव साली केबल आली आणि मालक काळुरामशेठ टीव्हीवरच्या कुस्तीत डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीच्या बाजूचे झाले. समोरच्या कारखान्याचा मालक हरेश तिच्या विरोधातली डब्ल्यूसीडब्ल्यू लावायचा, शेठना एवढं कारण पुरे होतं. “ती काय कंपनी हाय? इकडचे पैलवान फोडायचे नि पोट भरायचं!” मग एकदा त्यांचा लाडका पैलवानच फुटून तिकडे गेला. “खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्यानं!” शेठ चिडून म्हणाले.

गणपती तोंडावर आले होते आणि आमच्या निम्म्या मूर्तींना अजून डोळे नव्हते. त्याच आठवड्यात शेठनी हरेशकडचा डोळे आखणारा धर्मा जादा मजुरी देऊन फोडला. “गुणी माणूस. तिकडं कदर नव्हती त्याची,” असं आम्हाला सांगितलं. आम्ही माना डोलावल्या. आम्हाला कोण फोडणार होतं?

धर्मा आला, ब्रश भिजवला आणि टीव्हीकडे बघून म्हणाला, “शेठ, ही कंपनी नाय चालत मला. ती दुसरी लावा.”

शेठनी स्वतः उठून चॅनल बदललं. पडद्यावर नेमका तोच फुटलेला पैलवान उतरत होता. धर्मानं शिट्टी मारली. शेठनी आमच्याकडे न बघता टाळ्या वाजवल्या.