गाडीच्या खिडकीतली वैनगंगा

माझा भाऊ अमर एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवतो. आमच्या गावात, आंबागडात, हे सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे वरातीत?" मी तुमसर आगाराची कंडक्टर, मला उत्तराला वेळ लागत नाही. "हाव, तुमच्या वरातीत वाजवून कंटाळला, म्हणून परदेशात गेला," म्हणते आणि घंटी मारते.

परदेश म्हणजे आधी पोलंड, मग जर्मनी. नागपूरकडची पाच पोरं, भाड्याची एक व्हॅन आणि मागे ड्रम-स्पीकरची खोकी. मला वाटायचं, काय ऐश असेल! अमर म्हणाला, ऐश तासभराची, बाकी हमाली. सकाळी निघायचं, दिवसभर गाडीत बसून पाठ मोडून घ्यायची, संध्याकाळी कुठल्याशा तळघरात खोकी उतरवायची, वाजवायचं, टी-शर्ट विकायचे, पुन्हा खोकी चढवायची. मोजे बेसिनमध्ये धुवून गाडीच्या हीटरवर वाळवायचे. "गाडीत काय वास येऊन राहिला, विचारूच नको बाई," तो हसत म्हणाला होता.

त्यांची गाडी सकाळी निघायची तेव्हा आमच्याकडे दुपार असायची. मी आगारात डबा उघडायची आणि त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "झोप लागत नाही. डोळे मिटले तरी गाडी चालूच राहते." घरी मायला मी हे सांगितलं. आमची माय गोदावरीबाई. बाप गेल्यापासून तिचा सगळा जीव या पोरात.

कॉलवर अमरच्या मागे गाडीची खिडकी दिसायची. बाहेर बर्फ आणि सरळसोट झाडं, दुसरं काही नाही. मग एका दुपारी त्या खिडकीतून एक पूल सरकत गेला. खाली वाळू, वाळूत म्हशी. भंडाऱ्याचा वैनगंगेचा पूल मी झोपेतही ओळखीन.

"अमर, मागं पाह्य. काय दिसते?"

त्याने वळून पाहिलं. "बर्फ. काहून?"

"काही नाही," मी म्हणाले. डोळ्यांना थकवा आला असेल, अशी मीच माझी समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी खिडकीत लाखोळीच्या पिकाने हिरव्या झालेल्या धानाच्या बांध्या होत्या, कापलेल्या धानाचे रचून ठेवलेले पुंजणे होते. माझा ड्रायव्हर खुशाल माझ्या डब्यातली चटणी उचलायला वाकला आणि फोनकडे बघून म्हणाला, "अरे, अमर आला वाटते! मोहाडीजवळ दिसते. पोचते आता घरी." चटणी घेऊन तो गेलाही. माझा घास तोंडातच राहिला. म्हणजे मला दिसत होतं ते त्यालाही दिसत होतं. फक्त अमरला बर्फ दिसत होता.

मग तुमसरचं बाजारपेठेचं वळण आलं. मग आमच्या गावाकडचा फाटा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण त्या खिडकीत आंबागडच्या किल्ल्याचा डोंगर उगवला तेव्हा मी डब्याचं झाकण लावून टाकलं. अमर रोज जास्त फिका दिसत होता. "वाजवताना हात आपले वाटत नाही बाई," तो म्हणाला. "कोणाचे तरी उसने आणल्यासारखे वाटतात."

त्या दिवशी ड्युटी संपवून घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माय अंगणात उभी होती. हातात पाण्याचा लोटा, तोंड रस्त्याकडे.

"अमर, ये बापा. घरी ये. हा पाह्य रस्ता."

लहान लेकरू दचकलं, त्याची झोप उडाली, की आमच्या घरात असं बोलावतात. जीव वाटेत अडकला असेल तर हाक ऐकून माघारी येतो, असं म्हणतात. मी झोपेचं सांगितल्यापासून माय रोज हाका मारत होती. मी चिडले. एवढ्या मोठ्या घोड्याला कायले बोलावते म्हणाले, आणि रागाच्या भरात खिडकीचं सगळं सांगून टाकलं.

मायने हातातला लोटा खाली ठेवला.

"तुझा बाप असाच आला होता व," ती म्हणाली.

ही गोष्ट मी ऐकली होती, कधी खरी मानली नव्हती. माझा बाप तुलाराम हैदराबादला इमारतीच्या कामावर गेला होता. एका दुपारी तो अंगणात येऊन उभा राहिला. मायने त्याला घरात घेतलं, पाणी दिलं. भात वाढून आणते तर बाज रिकामी आणि लोटा भरलेलाच. त्याच दुपारी तो तिकडे परांचीवरून पडून मेला होता.

"मी त्याले घरात घेतलं ना, म्हणून त्याचा जीव मागं फिरला नाही," माय म्हणाली. "दारातूनच हाकलला असता तर वाचला असता माणूस."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी फोन वाजला. अमरचाच कॉल, पण तो काचेला डोकं टेकून डोळे मिटून बसला होता. मी हाका मारल्या, तो हलला नाही. खिडकीत आमची गल्ली होती. शेजारची चंद्रकला भिंतीजवळ वड्या वाळत घालत होती. फोनमध्ये तिने मान वर केली, आणि बाहेरून, खरोखरच्या गल्लीतून, तिचा आवाज आला, "कधी आला गा अमर?"

फोन काळा झाला.

तो अंगणात उभा होता. अंगात जाड कोट, केसांवर बर्फ. डोक्यावर ऊन असून तो बर्फ विरघळत नव्हता. मी पुढे जाणार तोच मायने मला मागे ढकललं आणि स्वतः उंबऱ्यात उभी राहिली.

"कोण पाहिजे?"

"माय, मी अमर. भूक लागली."

"इथं अमर नावाचं कोणी राहत नाही. घर चुकलं तुमचं."

"पाणी तरी दे."

आमच्याकडे वैऱ्यालाही पाण्याला नाही म्हणत नाहीत. मायचा हात मागे रांजणाकडे गेला, तसाच परत आला. "पाणी नाही आमच्या घरी," ती म्हणाली आणि तिने दार लावलं.

आधी त्याने कडी वाजवली. मग दारावर बोटांनी ठेका धरला, लहानपणी भूक लागली की धरायचा तसा. माय दाराला पाठ लावून बसली आणि पदर तोंडात कोंबून रडत राहिली. मला उठून दार उघडावंसं वाटत होतं, इतकं की मी माझेच हात मांड्यांखाली दाबून धरले. ठेका हळूहळू बारीक होत अंगणात गेला, मग गल्लीत, मग ऐकू येईनासा झाला.

संध्याकाळी त्यांच्या गिटारवाल्या अश्विनचा फोन आला. गाडी बर्फावरून घसरून झाडावर आदळली होती. बाकी सगळे खरचटण्यावर सुटले. अमरची नाडी थोडा वेळ लागतच नव्हती, मग लागली. डॉक्टरांनाही नवल वाटलं म्हणाला. मी मायच्या गळ्यात पडून रडले, आणि मला रडण्याची लाज वाटली नाही.

पुढच्या आठवड्यात अमरने स्वतः कॉल केला. चेहरा भरलेला, डोळे स्वच्छ. झोप छान लागते म्हणाला, पुन्हा वाजवायला लागलो म्हणाला. मागच्या खिडकीत बर्फच होता. माय फोनला हात लावून बघत होती, जणू त्याच्या गालालाच.

"टूर संपली का घरी येजो बापा," ती म्हणाली.

अमर हसला, अनोळखी प्रवाशाकडे बघून आपण हसतो तसा.

"कोणत्या घरी?"

मला वाटलं, थट्टा करतो. मी शिवी हासडणार होते. पण तो खरंच उत्तराची वाट बघत होता, आधी माझ्याकडे बघून, मग मायकडे. मायने माझ्या हातातून फोन घेतला.

"असू दे," ती म्हणाली. "जेवला काय?"

"हो, जेवलो."

"मंग झालं."