घड्याळरावांचा चुकलेला हात

घड्याळरावांचं खरं नाव स्टुडिओत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कोणाला गरजही वाटली नव्हती. हे नाव त्यांनी हाताने कमावलं होतं. तेव्हा कॅमेऱ्याला मोटार नसायची. हँडल हाताने फिरवायचं, सेकंदाला बरोबर दोन फेरे. हात मंदावला की फितीवर चित्रं कमी उमटायची आणि पडद्यावर माणसं तुरुतुरु पळायला लागायची. मग राणी नवऱ्याच्या प्रेतापाशी का धावेना, लोक पोट धरून हसणार. घड्याळराव मनातल्या मनात एक चाल गुणगुणत आणि तिच्या ठेक्यावर हात फिरवत. एकदा समोरचं गोदाम खरोखरच पेटलं, दिग्दर्शक चपला टाकून पळाला, पण यांचा ठेका ढळला नाही. घरी चहात साखर ढवळायला बसले की बायको म्हणायची, "अहो, चहा आहे तो, नटी नाही. कसाही ढवळा, चालेल."

असा हात आयुष्यात एकदाच चुकला, तोही स्वतःच्या मुलीपुढे.

मुलगी नऊ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी बाहेर चित्रण होतं, म्हणून कॅमेरा घरी आणलेला. रिळाच्या शेवटी अर्ध्या मिनिटाची फीत उरली होती. पोरगी अंगणातल्या नळावरून कळशी भरून आणत होती, घड्याळरावांनी ओट्यावर कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं आणि म्हणाले, "ये वर, तुझं चित्र काढतो." सहा पायऱ्या. ती चढून आली, कळशी ठेवली, बापाकडे बघून हसली. बस, एवढंच. दीड महिन्याने ती गेली.

रीळ धुऊन आलं तेव्हा घड्याळरावांनी बायकोला मुद्दाम स्टुडिओत बोलावलं. आईला लेक दिसेल, तेवढाच जिवाला आधार, असा भाबडा हिशेब. खोलीत रंगभूषावाला होता, दोन नटही होते. कोणाची मुलगी, कधी काढलेलं चित्र, काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. पडद्यावर ती आली आणि चावी दिलेल्या बाहुलीसारखी टुणटुण पायऱ्या चढून गेली. सगळे हसले. बाई उठल्या, पदर सावरला आणि घरी निघून गेल्या. त्या संध्याकाळी एकच वाक्य बोलल्या, "माझ्या पोरीचं हसं केलंत तुम्ही."

त्यावर घड्याळरावांकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते देववेना. त्यांनी फीत डब्यात घातली, डबा कपाटात ठेवला. पुढे बोलपट आले, कॅमेऱ्याला मोटार बसली, आणि ज्या हाताचं इतकं कौतुक होतं तो फिती चिकटवायच्या टेबलावर येऊन बसला. अकरा वर्षं नवरा-बायकोत त्या अर्ध्या मिनिटाचा विषय निघाला नाही.

मग एका सकाळी कपडे वाळत घालता घालता बाई म्हणाल्या, "ती चालायची कशी, ते आठवत नाही हो मला आता. चेहरा आठवतो. चाल गेली."

घड्याळरावांनी कपाटातून डबा काढला. दुपारीच ते चित्रगृह गाठून ऑपरेटरच्या खोलीत शिरले. ऑपरेटर जुना दोस्त.

"हाताने फिरवायचं जुनं मशीन आहे का रे अजून?"

"माळ्यावर आहे. मालक सोमवारी भंगारात देतोय. का?"

"मोटारवाल्यावर ती पळते. हाताने फिरवलं तर चालेल. जिथे माझा हात मंदावला तिथे मला मंदावता येईल. मला ठाऊक आहे कुठे ते."

"वहिनींना उद्या दुपारी आणा," ऑपरेटर म्हणाला.

बाई यायला तयार होतील की नाही, याचा घड्याळरावांना रात्रभर घोर होता. त्या आल्या. रिकाम्या चित्रगृहात मधल्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर पिशवी. ऑपरेटरने फीत जळू नये म्हणून दिवा बारीक केला आणि बाजूला झाला. घड्याळरावांनी दांडा धरला. आधी दोन फेरे, मग दीड, तिसऱ्या पायरीशी जेमतेम एक.

मुलगी चालत आली. खरीखुरी, तिच्या चालीने, डावा पाय किंचित बाहेर टाकत. बाई पुढे झुकल्या. दुसरी पायरी. तिसरीवर पोरगी थांबली, कळशी खाली ठेवली, भिंतीला हात टेकला, तोंड उघडून श्वास घेतला. मान वळवून तिने घराच्या दाराकडे बघितलं, कोणी हाक मारल्यासारखं, आणि लगबगीने कळशी उचलली. चौथी. पुन्हा भिंत. वर आली तेव्हा ओठ काळसर होते आणि ती हसत होती.

पडदा पांढरा झाला.

"ती हाक माझी होती," बाई म्हणाल्या. "लवकर आण म्हणून. आळशी म्हणाले होते मी तिला त्या दिवशी."

घड्याळराव मशीनपाशीच उभे होते. "डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, हृदय थकलंय म्हणून. तुला सांगायचा धीर झाला नाही माझा. कॅमेऱ्यातून ती थांबताना दिसली आणि हातच चालेना."

"अकरा वर्षं मी तुम्हाला बोल लावला."

"लावलास तर लावलास. तुला हे कळण्यापेक्षा ते बरं होतं."

बाईंनी पदराने चेहरा पुसला. रडू आवरत नव्हतं, त्यांनी आवरायचा प्रयत्नही केला नाही. मग मागे न वळता म्हणाल्या, "परत लावा."

ऑपरेटरने फीत गुंडाळून पुन्हा चढवली. घड्याळरावांनी दांडा हळूच धरला.

"असं नको," बाई म्हणाल्या. "जोरात फिरवा. तेव्हा पळाली होती ना, तशी."

घड्याळरावांनी हात जोरात फिरवला, आणि पोरगी कुठेही न थांबता धावत वर आली.